दाराबाहेरचा बाप्तिस्मा

माझा बाप्तिस्मा कसा झाला ही गोष्ट मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. आमच्याकडे पाहुणा आला, त्याचे पाय धुऊन झाले, गूळपाणी झालं, की आबा घसा खाकरायचे. आबा म्हणजे माझे वडील. ते खाकरले की आई चुलीकडे तोंड फिरवून हसायची. आता गोष्ट येणार हे तिला ठाऊक असायचं. पाहुण्यानं ती आधी ऐकलेली असली तरी त्याची सुटका नव्हती.

उमापूरच्या अलीकडे, गंगेच्या अंगाला, गावकुसाबाहेर आमची ख्रिस्ती लोकांची लहानशी वस्ती होती. गंगा म्हणजे गोदावरी. आमच्या मुलखात तिला दुसरं नाव नाही. अंमल निजामाचा. चावडीवर कागद यायचे ते उर्दूत, आणि गावात ते वाचणारा माणूस एकच. तसा आमच्या वस्तीत मराठी वाचणारा माणूस एकच, तो म्हणजे आबा. तरुणपणी ते गंगेपलीकडच्या मिशनात राहून शिकून आले होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. फादर यायचे ते तट्टावर बसून, महिन्या-दोन महिन्यांनी, आणि गंगेला पाणी असलं तर तेही नाही. मधल्या काळात वस्तीचा धर्म आबांच्या जिवावर चालायचा. रविवारी प्रार्थना तेच सांगायचे, पोरांना प्रश्नोत्तरं तेच शिकवायचे, नवराबायकोची भांडणं तेच मिटवायचे. आणि एखादं तान्हं लेकरू जायला टेकलं, तर आईबाप त्याला आबांकडे घेऊन धावायचे. आबा त्याला मांडीवर घ्यायचे, कपाळावर पाणी ओतायचे आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायचे. एरवी हे काम फादरांचं. पण वेळ आणीबाणीची असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, अगदी ख्रिस्ती नसलेलं माणूससुद्धा, असा आमच्या धर्माचा कायदा आहे. पाणी खरं पाहिजे, शब्द पुरे पाहिजेत आणि देवाच्या घरचं काम करायचं मनात पाहिजे, बस्स.

आबांचा शिकवणीचा वर्ग शेतात भरायचा. ज्वारी हुरड्याला आली की आम्हा पोरांना पाखरं राखायला जावं लागे. आबा बांधावर बसून विचारायचे आणि आम्ही गोफण फिरवत उत्तरं द्यायचो.

"देव किती हायेत?"

"एक!"

"त्या देवात जन किती?"

"तीन! पिता, पुत्र आन् पवित्र आत्मा!"

"मंग देव तीन झाले का न्हाई?"

इथं सगळे गप्प व्हायचे. एकदा एका पोरीनं धीर करून सांगितलं, "न्हाई आबा. पाटलाच्या वाड्यात भाऊ तीन हायेत, पन वतन एकच हाय. तसं." आबा खूश झाले. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि ते घाईघाईनं म्हणाले, "पन पाटलाच्यात वतनावरून डोकी फुटत्यात. देवात तसलं कायबी न्हाई, ध्यानात ठेव!"

सात संस्कार त्यांनी आम्हाला बोटांवर शिकवले होते. उजव्या हाताची पाच बोटं आणि डाव्याची दोन. अंगठा म्हणजे बाप्तिस्मा. त्यानं जन्माबरोबर आलेलं मूळ पाप धुतलं जातं आणि माणूस देवाचं लेकरू होतं. मग दृढीकरण, त्यात बिशप कपाळाला तेल लावून श्रद्धा पक्की करतात. मग ख्रिस्तप्रसाद, म्हणजे भाकरीच्या रूपात प्रभू स्वतः. मग पापनिवेदन, फादरांच्या कानात आपली पापं सांगायची, मनापासून पस्तावायचं आणि क्षमा घ्यायची. करंगळी आजाऱ्याच्या अभ्यंगाची. डाव्या हातावर गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याची दीक्षा, आणि विवाह. सगळी बोटं मोजून झाली की आबा मूठ आवळायचे आणि विचारायचे, "अंगठा काढला तर मूठ बसंल का?" आम्ही ओरडायचो, "न्हाई!" आबा म्हणायचे, "तसंच. बाप्तिस्मा न्हाई, तर बाकी कायबी न्हाई."

आता त्यांची ती गोष्ट. मी पौषात जन्मले, दिवस भरायच्या आधी. थंडी अशी की आडावरचा दोर ताठ व्हायचा. मी हिरवीनिळी पडले होते आणि रडत नव्हते. खोलीत आमच्या गल्लीतली दाई होती. ही बाई ख्रिस्ती नव्हती. तिच्या घरी सटवाई, मरीआई सगळ्यांचे टाक होते, आणि वस्तीतलं प्रत्येक लेकरू तिच्याच हातावर आलेलं होतं. मूल जातंय हे तिनं आतून ओरडून सांगितलं. पुढचं आबांच्याच तोंडून:

"म्या म्हनलं, लेकरू बाहिर दे. ती म्हनती, बाहिर काढलं तर वारा लागून जागीच जाईल. म्या म्हनलं, मंग मी आत येतो. तर ही बया दारात आडवी! म्हनती, बाळतिनीच्या खोलीत बाप्या मानूस? माझ्या मढ्यावरून जा. आता काय करायचं?"

इथं आबा थांबायचे. पाहुणा बिचारा "काय केलं मग?" म्हणेपर्यंत थांबायचे.

"म्या म्हनलं, तांब्यात पानी घे. मी हितून म्हनतो, तू तिथं वत! आन् आसा खनखनीत म्हनलो, पार येशीपत्तर आवाज गेलता. पित्याच्या, पुत्राच्या, आन् पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देतो! पानी पडलं, आन् पोरगी ह्यॅऽ करून रडली!"

मग ते माझ्याकडे बोट दाखवायचे. मी तिथं शेणानं सारवत असले तरी मला उठून उभं राहावं लागायचं, म्हणजे पाहुण्याला मी जिवंत असल्याची खात्री पटायची. मला या गोष्टीचा कंटाळा यायचा असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायची. खरं सांगायचं तर मला ती फार आवडायची. आपल्यासाठी कुणीतरी येशीपर्यंत ओरडलं होतं, ही काय लहान गोष्ट आहे?

आमचे जुने फादर म्हातारे होते आणि त्यांचं मराठी बेताचं होतं. "आणीबाणीत बापानं बाप्तिस्मा दिला" एवढं त्यांना कळलं, त्यांनी मान डोलावली आणि पुढचा तेल लावायचा विधी उरकून टाकला. खोलवर कुणी विचारलंच नाही.

मला सतरावं लागलं तेव्हा वडवणीकडच्या एका ख्रिस्ती घरातून मागणी आली. मुलगा गवंडीकाम करणारा, उंचापुरा, बोलायला लाजरा. तीन रविवार प्रार्थनेत लग्नाची पुकार झाली आणि कुणी हरकत घेतली नाही. उपासकाळात आमच्यात लग्नं लागत नाहीत, म्हणून ईस्टर होऊन गेल्यावरचा दिवस धरला. आदल्या दिवशी सकाळीच बैलगाड्यांतून वऱ्हाड आलं. दारापुढं आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, मला हळद लागलेली, बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांत येशू आणि मरियामाय यांच्या जोडीला माझ्या सासरच्यांची नावं आलेली. आणि दुपारपर्यंत नवे फादर येऊन पोचले. म्हातारे फादर थकले म्हणून त्यांच्या जागी हे तरुण आले होते. उन्हानं नाक सोललेलं, दाढी लाल, आणि मराठी असं पोथीसारखं की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

फादरांनी आधी आम्हा दोघांची परीक्षा घेतली. लग्न करणाऱ्याला धर्म किती येतो हे बघावं लागतं. मला विचारलं, "विवाह हा संस्कार कोण कोणास देतो?" मी म्हणाले, "नवरा बायकोला आन् बायको नवऱ्याला. फादर नुसते साक्षीला." फादर खूश. मग नवरदेवाला सात संस्कार विचारले. तो चारावर अडकला. घाम फुटला बिचाऱ्याला. मी पदराखालून करंगळी हलवून दाखवली आणि तो ओरडला, "अभ्यंग!" फादरांनी माझ्या पदराकडे बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

मग पंगत बसली. फादर मांडवात मांडी घालून बसले होते, पुढ्यात बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. शेजारी व्याही मंडळी. पाहुणे नवे, फादर नवे, लेकीचं लग्न. आबांनी घसा खाकरला.

त्या दिवशी आबांनी गोष्ट सांगितली ती काही औरच. दाईचा आवाज वेगळा, स्वतःचा वेगळा. "मी हितून म्हनतो, तू तिथं वत!" याला वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. मी सवयीनं उठून उभी राहिले. पण फादरांच्या हातातला घास हातातच राहिला होता.

"मास्तर," ते म्हणाले, "शब्द कोणी उच्चारले?"

"म्याच की!"

"आणि पाणी कोणी ओतले?"

"दाईनं."

"दाईने ते शब्द म्हटले काय?"

"ती कावून म्हनंल? मी व्हतो ना म्हनाया!"

फादरांनी घास ताटात ठेवला. त्यांना बोलायचं जिवावर आलं होतं, हे त्यांच्या सोललेल्या नाकावरूनही दिसत होतं. जो पाणी ओततो त्यानंच शब्द म्हणायला हवेत, असं ते हळू आवाजात म्हणाले. एकानं ओतलं आणि दुसऱ्यानं म्हटलं, तर तो बाप्तिस्मा होत नाही. आणि बाप्तिस्मा न झालेल्या मुलीचं ख्रिस्ती मुलाशी लग्न लावलं, तर तेही लागत नाही.

मी तशीच उभी. आबांनी आपला उजवा हात बघितला आणि अंगठा तळव्यात दुमडला. मग एकेक करून बाकीची बोटं खाली घातली. माझं दृढीकरण, माझा पहिला ख्रिस्तप्रसाद, सगळं त्या अंगठ्याच्या मागोमाग गेलं. मला माझ्या लग्नाचं काही वाटलं नाही, खरंच सांगते. मी आबांच्या हाताकडेच बघत होते.

पहिली बोलली ती आई. "सतरा वरसं म्हनतेय, ती गोष्ट सांगत जाऊ नगा!"

मग माझी होणारी सासू उठली. धिप्पाड बाई, आवाज मोठा. मला वाटलं आता गाड्या जुंपायला सांगते. ती म्हणाली, "फादरसाब, पोरीला हळद लागलीय. मी वराड घेऊन आलेय, ते रिकामं न्हेनार न्हाई. बाप्तिस्मा न्हाई झाला, तर आता द्या. पानी का कमी हाय हितं? धर्ममाय मी व्हते." बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या पाठीशी श्रद्धेला जामीन म्हणून जी बाई उभी राहते ती धर्ममाय. सासूच धर्ममाय! माझा जीव भांड्यात पडला.

पण फादर कायद्याचे पक्के. एकदा खरोखर झालेला बाप्तिस्मा पुन्हा देता येत नाही; तो आत्म्यावरचा कायमचा शिक्का आहे. म्हणून आधी चौकशी हवी. दाईला बोलावणं गेलं. ती आता बरीच म्हातारी झाली होती, पण तोंड तरणं होतं. फादरांसमोर ती ऐसपैस बसली.

"आजी, पाणी ओतताना तुम्ही काही म्हणालात काय?"

"म्हनले की."

आबांनी मान वर केली.

"काय म्हणालात?"

"रड गं भवाने, म्हनले."

सगळा मांडव हसला. आबा तेवढे हसले नाहीत.

"त्याखेरीज? मास्तर म्हणत होते ते शब्द?"

दाईनं कपाळाला आठ्या घातल्या. "माझ्या त्वांडाला कवा उसंत आस्ती का, साहेब? लेकरू जात व्हतं. सटवाईला हाका मारल्या, मरीआईला मारल्या. ह्यो बाहिर वरडत व्हता ते बी म्हनले आसंल. न्हाई बी म्हनले. आता काय आठवतंय मला!"

फादरांनी थोडा वेळ दाढी ओढली आणि मग त्यांचा चेहरा उजळला. हिनं म्हटलं असेल तर बाप्तिस्मा झाला, नसेल तर नाही. अशा संशयाच्या वेळेला धर्माच्या कायद्यात एक तोड आहे. सशर्त बाप्तिस्मा. "तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर" एवढं आधी म्हणायचं आणि मग पाणी ओतायचं. आधीचा खरा असला तर त्याला धक्का लागत नाही, नसला तर हा लागू पडतो. उद्या सकाळी आधी बाप्तिस्मा, मग मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, आणि त्यातच लग्न. पापनिवेदनही करून टाक, असं ते मला म्हणाले; आधीचा बाप्तिस्मा खरा निघाला तर नव्या पाण्यानं तुझी पापं काही धुतली जायची नाहीत. म्हणजे मला कुठूनच सूट नव्हती. वऱ्हाडानं पुन्हा घास उचलले आणि बायका पुन्हा ओव्यांना लागल्या.

आबा मात्र पंगतीतून उठून गेले ते आलेच नाहीत. दिवस कलायला लागला तशी मी त्यांना शोधायला निघाले. हळद लागलेल्या पोरीनं मांडव सोडू नये म्हणून बायका मागून ओरडत होत्या. आबा आडाच्या कट्ट्यावर बसले होते.

"आबा, जेवला न्हाई तुमी."

मी शेजारी बसले. ते म्हणाले, "बाकीची लेकरं म्या सोताच्या मांडीवर घेतली. सोताच्या हातानं पानी घातलं, सोताच्या त्वांडानं म्हनलं. त्येंचं काय बी चुकलं न्हाई, म्या लई आठवून बघितलं. एकटी तूच. लोकांच्या लेकरांना म्या देवाच्या घरात न्हेलं, आन् माझीच लेक दाराबाहिर ऱ्हायली. तू त्या दिशी गेली आसतीस तर?"

"न्हाई ना गेले. बसलेय की म्होरं, हळद लावून."

"आन् मी सतरा वरसं मिशा पिळत सांगत हिंडलो."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. कुणाचा ते सांगता येत नाही, बहुतेक त्या दाराचाच.

"आबा," मी म्हणाले, "त्या दिशी दाराबाहिर मी न्हवते. मी आतच व्हते. बाहिर तुमी व्हता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नाक पुसलं. "उद्या बी बाहिरच थांबतो मी," ते म्हणाले. "माझ्या त्वांडानं पुन्यांदा घोळ नगं."

सकाळी आमचं देऊळ फुलांनी भरून गेलं होतं. देऊळ म्हणजे मातीच्या भिंतींची एक लांबट खोली, वर पाचटाचं छप्पर, आणि दार इतकं ठेंगणं की फादरांना वाकून जावं लागे. बाप्तिस्म्याचा विधी आत सुरू होत नाही, तो दाराशी सुरू होतो. ज्याचा बाप्तिस्मा व्हायचा तो अजून देवाच्या घरचा नाही, म्हणून त्यानं उंबऱ्याबाहेर थांबायचं. लहान लेकराच्या वतीनं दुसरं कुणी उत्तरं देतं. मी मोठी होते, माझी मीच दिली.

"देवाच्या मंडळीकडून तू काय मागतेस?"

"श्रद्धा."

"श्रद्धा तुला काय देते?"

"सार्वकालिक जीवन."

हे सगळं आबांनीच शिकवलेलं, बांधावर, पाखरं हाकत. आबा पाठीमागं लिंबाच्या झाडाखाली, लोकांच्याही मागं उभे होते. त्यांच्या शेजारी दाई. ती आमच्या देवळात कधी आत यायची नाही. माझे देव रुसतील म्हणायची.

फादरांनी गळ्यातल्या पट्ट्याचं टोक माझ्या खांद्यावर ठेवलं आणि म्हणाले, "देवाच्या मंदिरात ये." सगळ्यांना वाटलं मी आता वाकून आत जाणार. मी वळले आणि लोकांतून वाट काढत लिंबाखाली गेले. आबांचा हात धरला.

"या बारीला आत या, आबा."

"आगं, सोड! लोक बघत्यात."

"बघू द्या. तुमी न्हाई आला तर मी बी न्हाई जात."

हात सोडवून घ्यायला ते बघत होते, पण लहानपणापासून जात्यावर दळलेला माझा हात, तो कसला सुटतोय. शेवटी फादरच म्हणाले, "मास्तर, आत यावे. मात्र आज तोंडातून अवाक्षर काढायचे नाही." लोक हसले. आबांनी ओठ आवळून मान हलवली आणि माझ्याबरोबर उंबरा ओलांडला.

आत पितळी घंगाळ ठेवलं होतं. सासूनं माझ्या खांद्यावर हात टाकला. तो इतका जड होता की मी आपोआप वाकले. फादरांनी तांब्या भरला. पाणी कपाळावर पडलं आणि हळद उतरून साडीवर पिवळे ओघळ गेले. फादर सगळं म्हणाले, 'तर'सकट म्हणाले, पण लॅटिनमध्ये, आणि तेही तोंडातल्या तोंडात. आबांचे ओठ थरथरत होते, पण त्यांनी शब्द पाळला.

आणि दाराबाहेरून, खणखणीत, पार येशीपर्यंत जाईल असा आवाज आला:

"पित्याच्या, पुत्राच्या, आन् पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देतो!"

दाई होती. आबा जिथं थांबायचे तिथं थांबून, आबांच्याच चालीवर.

फादरांचा तांब्या हातातच राहिला. क्षणभर मला वाटलं, पुन्हा घोळ झाला, आता पुन्हा विधी. पण त्यांनी सांगितलं की आपण आपले शब्द पुरे केले आहेत, भीती नाही. मग ते दाराशी गेले आणि विचारलं, "आजी, हे काय केलेत?"

दाईनं कमरेवर हात ठेवले. "काय म्हंजी? मागच्या बारीला आतल्यानं वतलं आन् बाहिरच्यानं म्हनलं. पोरगी जगली का न्हाई? आज बाहिरचा तुमी आत न्हेला, वरनं त्येचं त्वांड बंद केलं. तुमी आत काय पुटपुटला ते कुनाला कळलं? पोरीचं आर्धवट ऱ्हायला नगं, म्हनून म्या म्हनलं!"

आधी फादर हसले. त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग सासू, मग सगळं वऱ्हाड, आणि मग माझ्या शेजारून एक आवाज आला, जो मी आदल्या दुपारपासून ऐकला नव्हता. आबा हसत होते. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि पोट धरून हसणं.

"फादरसाब," ते मध्येच दम घेऊन म्हणाले, "आता तरी पटलं का? त्या दिशी बी म्हनलीच आसंल ती!"

फादरांनी हात वर करून सांगितलं, की ते देवाला ठाऊक. खरं तर यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. दाईचं घर आमच्या घराला लागून. ती गोष्ट तिनं जन्मभर भिंतीआडून ऐकलेली होती. पण आबांनी अंगठा पुन्हा वर काढला, तो काढलाच.

मग मिस्सा झाली आणि लग्न लागलं. फादरांनी विचारलं तेव्हा नवरदेव इतक्या हळू "हो" म्हणाला, की मागून दाई ओरडली, "आयकू न्हाई आलं!" त्याला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. त्यानंतर आबांनी असं गाणं म्हटलं की पाचटातल्या चिमण्या उडाल्या.

पुढं ती गोष्ट ते सांगायचेच, फक्त आता ती दुप्पट लांब झाली. माझे मालकही सासुरवाडीला आले की निमूट ऐकायचे. घरी आल्यावर मला चिडवायचे, "तुझी पापं दोन्हीकडून धुतली. आमाला आपला एकच तांब्या." मी म्हणायची, "पाचवा संस्कार करंगळी बघून सांगणाऱ्यानं गप्प बसावं."

दुसऱ्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. दाईला नीट दिसत नव्हतं, पण दुसऱ्या कुणाला ती खोलीत येऊ देईना. आबा दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या वहाणांचा आवाज मला आत ऐकू येत होता. पोरगी झाली. चांगली धडधाकट, आल्या आल्या घर डोक्यावर घेणारी. बाप्तिस्म्याची काही घाई नव्हती, रविवारी फादर यायचेच होते. दाईनं तिला पुसली, फडक्यात गुंडाळली, आणि उठून सरळ दाराची कडी काढली.

"मास्तर, या आत."

आबा उंबऱ्याशी थबकले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग वहाणा काढून, मान खाली घालून ते आत आले. दाईनं लेकरू त्यांच्या हातावर ठेवलं. येशीपर्यंत आवाज जाणारा तो माणूस, पण त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. नुसता अंगठा तिच्या कपाळावर टेकवून ते क्रूस काढायला गेले आणि तोही अर्ध्यावर थांबला.

दाईनं थोडी वाट बघितली. मग म्हणाली, "म्हना की आता काय तरी. का बाहिर जाऊन म्हनता?"